बाबांच्या मशीनचं बिऱ्हाड

पौषातली ती दुपार मला बहुतेक वेळा अर्धवट झोपेत दिसते. अकोल्याला जठारपेठेतल्या आमच्या घराची पुढची खोली, खिडकीतून तिरका आत आलेला उन्हाचा पट्टा, त्यात तरंगणारी धूळ आणि त्या धुळीच्या पलीकडे पाटावर मांडी घालून बसलेले बाबा. त्यांच्यापुढे त्यांचा कॉम्प्युटर आडवा निजवलेला असतो. बाहेर गल्लीत कुणीतरी हरभऱ्याची भाजी ओरडून विकत असतं आणि तो आवाज जवळ येतो की लांब जातो, ते कळत नाही. कुणालाच कसली घाई नसते. खरं तर त्या दिवशी मी धास्तावले होते. पण आठवणीत ती धास्ती कुठल्या कुठे विरघळते आणि ऊन तेवढं उरतं.

बाबा त्याला कॉम्प्युटर म्हणत नाहीत, मशीन म्हणतात. ते भिक्षुकी करतात. पातूरपासून तेल्हाऱ्यापर्यंत कित्येक घरांतल्या वास्तुशांती, मुंजी, लग्नं त्यांनी लावली. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, हवनाच्या धुराने खोकला यायला लागला, तेव्हा त्यांनी घरी बसून पत्रिका करून देण्याचं काम वाढवलं. त्यासाठी हे मशीन आलं. त्यातलं पत्रिकेचं सॉफ्टवेअर इतकं जुनं की ते दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर चालायला तयार नव्हतं, आणि ते ज्याने बनवलं तो माणूस आता कुठे असतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी अमरावतीच्या एका तंत्रनिकेतनात हेच कॉम्प्युटर उघडायला आणि जोडायला शिकवते. मी हरतऱ्हेने करून पाहिलं. ते बेटं नव्या मशीनवर हटून बसायचं. बाबांना त्याचं कोण कौतुक.

आई गेल्यापासून बाबा एकटे राहत होते. एकट्या पुरुषासारखे राहत होते, म्हणजे सकाळचा भात संध्याकाळी आणि संध्याकाळी कंटाळा आला तर नुसता गूळ-शेंगदाणे. पातूरला एका घरी पूजा सांगता सांगता त्यांना भोवळ आली आणि ते चौरंगावरच कलंडले, तेव्हा मात्र मी हटून बसले. म्हटलं, आता अमरावतीला माझ्याकडे चला, कायमचे.

इथे एक अडचण होती आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. आमच्याकडे लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा आईबापांनी प्यायचं नाही, असा रिवाज आहे. मला मूल झालं नाही. आता होण्याचं वयही राहिलं नाही. म्हणजे हा रिवाज माझ्यापुरता जन्मभराचाच झाला. आई तो तिच्या पद्धतीने पाळायची. स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून माझ्या हातचा चहा प्यायची आणि म्हणायची, पाण्याचं ठरलंय, चहाचं कुठं काय ठरलंय. बाबांना असली पळवाट सुचत नसे. ते दिवाळीत यायचे तेव्हा फिरकीच्या तांब्यात अकोल्याचं पाणी घेऊन यायचे. घट्ट झाकण फिरवून बंद केलेला तो पितळी तांब्या सोफ्याजवळ ठेवायचे, दोन तासांत त्यातलं दोनदा प्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. त्या तांब्याचा मला भयंकर राग यायचा. पाहुण्यांसमोर मी हसून वेळ मारून न्यायची आणि ते गेले की भांडी जरा जास्तच आपटायची.

फोनवर बरेच दिवस आमचं हो-नाही चाललं. शेवटी ते म्हणाले, "येतो. पण बसून खायाले नाई येत. माझं मशीन घेऊन येतो. थे तिकडे चालू झालं तर मी कमवीन आन् माझ्या कमाईचा शिधा तुह्या घरात भरीन. मग खाईन. नाई चालू झालं तर संध्याकाळच्या गाडीनं वापस."

"आन् पाणी?" मी विचारलं.

"मशीन चालू होईपर्यंत तांब्या हायेच."

मी म्हटलं, निदान चांगला दिवस तरी काढा. आयुष्यभर लोकांना मुहूर्त काढून देणारा माणूस, त्यांनी नेमका पौष निवडला. पौषात कुणी नव्या घरात राहायला जात नाही. हे ठाऊक असूनच निवडला होता. "घर बदलणं नोहे हे, जाऊन येणं होय," असं म्हणाले. म्हणजे परत यायचं दार त्यांनी आधीच उघडं ठेवलं होतं. मी समजले.

ते मशीन उन्हाळ्यात तापून आपोआप बंद पडायचं. आतली धूळ काढणं, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलणं गरजेचं होतं, आणि अकोला-अमरावतीच्या प्रवासात आतले भाग सुटे करून नेलेले बरे होते. म्हणून ठरलं की अकोल्याला उघडायचं, अमरावतीला जोडायचं. माझ्या हाताला ते काम अर्ध्या तासाचं. पण बाबा म्हणाले, "माझं मशीन हाये. माझ्या हातानं होऊ दे. तू सांगजो."

"तुमाले जमणार हाये का?"

"काहून नाई जमणार? यजमानाले कुठं काय येत असते? गुरुजी सांगते, यजमान करते. मी जन्मभर सांगतलं, आता करतो."

लहानपणी बाबा पूजा सांगायचे तेव्हा मी भिंतीला टेकून ऐकत असायची. कुठल्या वेळी फूल, कुठल्या वेळी पळीभर पाणी, कधी हात जोडायचे, सगळं मला पाठ होतं. मी एकदा विचारलं होतं, बाबा, मला शिकवाल का. ते हसले होते आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. तो हात फिरवणं म्हणजे नाही, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. मला वाईट वाटलं होतं. ते वाईट वाटणं माझ्यात तसंच राहिलं होतं, हे मला त्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं.

तर बाबा तयार होऊन आले, ते सोवळ्यात. अंगाला रेशमी मुकटा, खांद्यावर लोकरीची धाबळी आणि बसायला लोकरीचंच आसन. आंघोळ करून, गंध लावून. मशीनवर त्यांचा जीव होता, आणि ज्याच्यावर जीव आहे त्याच्याजवळ ते असेच जात. मी कपाळावर हात मारून घेतला.

कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना सगळ्यात मोठी भीती कशाची, तर अंगावर साठलेल्या विजेची. आणि ती वीज साठते रेशमाने, लोकरीने, त्यातही असल्या कोरड्या थंडीत. वर्गात मी दरवर्षी सांगते की स्वेटर काढून या. पण यंत्र उघडायला कुणी रेशीम आणि लोकर दोन्ही नेसून, वर लोकरीवर बसेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. अशी चूक फक्त आमच्या घरात होऊ शकते. मी त्यांना विचारलं, "बाबा, अंधारात धाबळी काढतांना चटचट वाजते ना?"

वाजायचीच. लहानपणी थंडीत मी मुद्दाम ते बघायला पहाटे उठायची. देवघरात दिवा लावण्याआधी बाबा धाबळी काढून झटकायचे आणि काळोखात बारीक निळ्या ठिणग्या उडायच्या. बाबा म्हणायचे, ते सोवळ्याचं तेज. मला ते खरंच वाटायचं. अजूनही थोडंसं वाटतं.

"तेच तेज याच्यातल्या चिपेले लागलं तर चीप जळते," मी म्हणाले. "दिसतही नाई, वाजतही नाई. नुसती मरून जाते."

त्यांनी धाबळीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हंजे तेज खरं हाये."

"खरं हाये."

"मग ठीक हाये." असं म्हणून ते उठले, आत गेले आणि जुनं सुती धोतर नि बंडी घालून आले. आसन गुंडाळून ठेवलं आणि लाकडी पाटावर बसले. त्यांनी हे इतक्या सहज केलं की मला त्यांना उगाच मिठी मारावीशी वाटली. आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून मी स्क्रूड्रायव्हर पुढे केला.

मग मी सांगत गेले आणि ते करत गेले. आधी बटण बंद, मग भिंतीतली पिन काढायची. मग परत एकदा समोरचं बटण दाबून धरायचं, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. मागच्या वायरी काढण्याआधी त्यांच्यावर खुणा करायच्या. बाबांनी पिशवीतून पूजेच्या दोऱ्यांची नाडापुडी काढली आणि पडद्याच्या वायरीला लाल, कीबोर्डच्या वायरीला पिवळा असा दोरा बांधला. जिथून वायर निघाली तिथल्या खाचेजवळही तोच दोरा चिकटवला. मी मोबाइलवर फोटो काढत होते, पण दोरे पाहून फोटोंची गरज वाटेना. आतल्या कुठल्याही भागाला हात लावण्याआधी डब्याच्या उघड्या पत्र्याला बोटं टेकवायची, म्हणजे अंगावरची वीज उतरते, हे मी एकदाच सांगितलं. त्यानंतर ते दर वेळी आधी पत्र्याला बोटं टेकवत, डोळे मिटत आणि मग आत हात घालत. डोळे मिटायची गरज नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

स्क्रू ठेवायला काहीतरी हवं होतं. वेगवेगळ्या मापाचे स्क्रू एकत्र झाले की जोडताना घोळ होतो. बाबा इकडेतिकडे पाहत होते, मग देवघरात जाऊन आईचं पंचपाळं घेऊन आले. हळद, कुंकू, बुक्का ठेवायच्या त्या पाच वाट्या आई गेल्यापासून रिकाम्याच होत्या. त्यांनी कोरड्या फडक्याने प्रत्येक वाटी पुसली. एका वाटीत झाकणाचे स्क्रू, दुसरीत हार्डडिस्कचे, तिसरीत पंख्याचे. हळद पूर्ण निघाली नाही, आणि आजही त्या मशीनचे दोन-चार स्क्रू पिवळट आहेत.

बाजूचं झाकण निघालं आणि आम्ही दोघं आत वाकून पाहायला लागलो. मी आजवर इतके कॉम्प्युटर उघडले, पण असा नव्हता पाहिला. काळी धूळ सगळीकडेच असते. इथे त्या धुळीत सरकीचा कापूस अडकून मऊ गादी झाली होती. त्या गादीत झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या होत्या, कुंकवाचे कण होते आणि अक्षता होत्या. खांडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात. आई दरवर्षी विळी, खलबत्ता, शिवणयंत्र यांच्या ओळीत बाबांचं मशीनही पुजायची. वरच्या जाळीतून तिच्या अक्षता आत पडत राहिल्या होत्या. उन्हाचा पट्टा तोवर सरकून बरोबर त्या डब्यात आला होता, आणि त्या जुन्या तांदळांना अजून जरा जरा लाल रंग होता. आम्ही किती वेळ पाहत होतो, ते सांगता यायचं नाही. मला आईची फार आठवण आली. बाबांनाही आली असणार, कारण ते म्हणाले, "हिचा हात मोठा होता. दोन दाणे वाहा म्हटलं तर मूठभर वाहे."

मऊ ब्रशने त्यांनी ते सगळं हळूहळू बाहेर काढलं. पंखा साफ करताना एक बोट पात्यावर धरून ठेवायचं, तो फिरू द्यायचा नाही, ते त्यांनी बरोबर केलं. धूळ केरात गेली. अक्षता त्यांनी निवडून तुळशीत टाकल्या. पॉवर सप्लायचा चौकोनी डबा मात्र कधीच उघडायचा नाही, पिन काढली तरी त्यात वीज दबा धरून असते, असं मी म्हटलं, तेव्हा ते त्याच्यापासून चांगले हातभर लांब झाले. मग रॅमच्या दोन्ही टोकांचे चिमटे बाहेर लोटून, कडेला धरून ती पट्टी काढली. हार्डडिस्क काढली. प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालचा धातूचा ठोकळा काढला. प्रोसेसर जागच्या जागी राहू दिला आणि त्याच्यावरची वाळलेली पेस्ट कापडाने पुसली. एकेक भाग त्याच्या त्याच्या पिशवीत गेला. डबा रिकामा झाल्यावर बाबांनी सवयीने मुठीत अक्षता घेतल्या. पूजा उठवताना देवावर अक्षता वाहून परत या म्हणायचं असतं ना, तसं. हात डब्यावर गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी त्या डब्याच्या बाजूला, पाटावर वाहिल्या.

दुसऱ्या दिवशी माझा नवरा गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर बाबा बसले, मांडीवर हार्डडिस्क आणि पायांशी तांब्या. मूर्तिजापूरच्या पुढे तुरीच्या शेतांवर दुपारचं ऊन होतं. बाबा खिडकीतून पाहत होते आणि मी आरशातून त्यांना पाहत होते. काय होईल याचा विचार मी करत नव्हते, असं म्हणायला मला आवडेल. पण मी दुसरं काहीच करत नव्हते. माझी सगळी भिस्त त्या जुन्या लोखंडावर होती.

अमरावतीला घरी पोचल्यावर नवरा चहा ठेवू का म्हणाला. बाबांनी हाताने नको केलं आणि तांब्याची फिरकी उघडून आपलं पाणी प्यायले. मग सुती धोतर, लाकडी पाट, पंचपाळं. माझ्या दिवाणखान्यात ऊन पश्चिमेकडून येतं, त्यामुळे सगळी खोली नारिंगी झाली होती. आम्ही उलट्या क्रमाने सुरुवात केली. प्रोसेसरवर नवी पेस्ट लावायची होती. किती, तर तांदळाच्या दाण्याएवढी. मी हे वर्गात सांगते तेव्हा पोरं हसतात आणि भसकन अर्धी नळी रिकामी करतात. बाबांनी मात्र बरोबर एका अक्षतेएवढा ठिपका मधोमध ठेवला. फक्त त्यांची अनामिका आपोआप पुढे आली, गंध लावायला येते तशी.

"बोट नाई लावायचं, बाबा. ठोकळा वरून दाबला का थे आपोआप पसरते."

त्यांनी बोट मागे घेतलं. ठोकळा बसला, पंखा बसला. मशीनच्या आतल्या घड्याळाचा गोल सेल नवा घातला. हार्डडिस्क, रॅम, वायरी. लाल दोऱ्याला लाल, पिवळ्याला पिवळा. झाकण अजून लावू नका, असं मी म्हटलं. आधी चालू करून बघू.

त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. आणि मशीन ओरडायला लागलं. लांब, थांबून थांबून, एकसुरी. पडदा काळाच.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पडद्याकडे पाहत होते. त्यांनी बटण बंद केलं, पिन काढली, सगळं मी शिकवलं तसं. मग तांब्या जवळ ओढून त्याचं झाकण घट्ट फिरवलं आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "संध्याकाळची गाडी बडनेऱ्याहून कितीले हाये?"

नवरा माझ्याकडे पाहायला लागला. चोवीस तास मी त्यांना हळू सांगत आले होते, गोड सांगत आले होते, आणि आता मला एकदम राग आला. "गाडीचं राहू द्या," मी म्हणाले. "पूजा अर्धी टाकून यजमान उठते का?"

बाबांनी तांब्या बाजूला सरकवला. मग परत मांडी घालून बसले.

तो ओरडा मला ओळखीचा होता. रॅम नीट बसली नाही की मशीन असंच ओरडतं. मी वाकून पाहिलं. पट्टी खाचेत होती, पण दोन्ही टोकांचे चिमटे मिटले नव्हते. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की काय झालं असणार. बाबांनी ती पट्टी खाचेवर ठेवली होती, फूल ठेवतात तशी, हलक्या हाताने, जणू तिला दुखेल. त्यांच्या हातांना आयुष्यभर तेवढंच माहीत होतं. पान, फूल, सुपारी, अक्षता, काहीही असो, ते वाहायचं असतं. दाबायचं कधीच नसतं.

"बाबा, थे वाहिली तुमी," मी म्हणाले. "वाहू नका. दाबा."

"मोडन."

"नाई मोडत. दोन्ही अंगठ्यानं, सरळ खाली. दोन्ही बाजूंनं टक् वाजेपर्यंत."

त्यांनी पत्र्याला बोटं टेकवली. डोळे मिटले. पट्टीवर अंगठे ठेवले आणि थांबले. मला वाटलं, आपण पुढे होऊन दाबावी, एका क्षणाचं काम. पण गुरुजी पुढे होऊन यजमानाच्या हातचं काम करत नाही. मी माझे हात मागे बांधून ठेवले आणि परत तेच सांगितलं, त्यांच्याच आवाजात, ज्या सुरात ते लोकांना सांगायचे त्या सुरात. दाबा. अजून. अजून थोडं.

टक् वाजलं. मग दुसऱ्या बाजूने टक्.

या वेळी मशीन एकदाच, बारीक आवाजात बोललं आणि पडद्यावर अक्षरं आली. नवा सेल घातल्यामुळे त्याला आज कुठला दिवस हे ठाऊक नव्हतं. त्याने आपली कितीतरी वर्षांपूर्वीची तारीख दाखवली, ते घडलं तेव्हाची असावी. बाबा त्या तारखेकडे पाहत राहिले. "तवा तुही आई होती," म्हणाले. ऊन भिंतीवर चढलं होतं, पंखा हळू घरघरत होता, आणि थोडा वेळ आम्ही तिघंही त्या जुन्या तारखेत बसून राहिलो. मला तिथून उठायचं नव्हतं. मग बाबांनी कीबोर्ड पुढे ओढला, मला विचारत विचारत आजची तारीख घातली, वेळ घातली आणि पत्रिकेचं सॉफ्टवेअर उघडलं. ते उघडलं.

मला वाटलं, आता शिध्याची गोष्ट निघेल. कमाईतून काय काय भरायचं, कधीपासून भरायचं. मी मन घट्ट करून बसले होते, कारण घरातल्या माणसाने आपल्या घरी शिधा भरून जेवायचं, हे मला पाण्याहूनही जास्त लागलं होतं. पण बाबांनी झाकण लावलं, पिवळट स्क्रू पिळले, पंचपाळं पुसलं. मग पिशवीतून एक सुपारी आणि एक रुपया काढला आणि म्हणाले, "हात पुढे कर."

"हे काय?"

"दक्षिणा." त्यांनी माझ्या तळहातावर सुपारी आणि रुपया ठेवला आणि वाकून मला नमस्कार केला.

मी पाय मागे घेतले. "बाबा, असं काय करून रायले? मी लेक हावो तुमची."

"लेक तर हायेसच. पण आज सांगतलं तू, केलं मी." ते गुडघ्यावर हात टेकून सावकाश उभे राहिले. "तुले तर लहानपणापासून पाठ हाये सगळं. सांग बरं, पूजा कोणाच्या घरी होते?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. भिंतीला टेकून मी काय करत होते, ते त्यांना सगळं माहीत होतं.

"यजमानाच्या," मी म्हणाले.

"मंग झालं."

ते माझ्या स्वयंपाकघरात गेले. त्यांनी तिथे याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्यामुळे डबे उघडून पाहण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. नवरा उठायला लागला, मी त्याला खुणेने बसवलं. मग बाबा बाहेर आले. एका हातात वाटीत गुळाचा खडा, दुसऱ्या हातात माझ्या माठातल्या पाण्याचा पेला.

"घ्या गुरुजी," ते मला म्हणाले. "उन्हाचे आले तुमी."

मी गूळ खाल्ला आणि पाणी प्यायले. रडत रडतच प्यायले. त्यांनी माझ्या हातातून रिकामा पेला घेतला, परत आत गेले, माठातून तोच पेला भरला आणि तिथेच उभं राहून स्वतः प्यायले.